सिएना ३.५ व्ही६: चार ऑक्सिजन सेन्सरपैकी नेमका कोणता? (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर २०२५

गाडी २००८ ची टोयोटा सिएना, ३.५ लिटर व्ही६, इंजिन २जीआर-एफई, फ्रंट व्हील ड्राइव्ह. सगळं आयुष्य न्यू जर्सीत गेलेलं, त्यामुळे दर हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ खालच्या अंगाला पुरेपूर लागलंय. इंजिन लाइट लागलाय, पेट्रोल जास्त जातंय, थंड इंजिन चालू केलं की एक्झॉस्टचा वास उग्र येतो. सोबत व्हीएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही पेटलाय. तो वेगळा बिघाड नाही, इंजिन लाइट लागला की या गाड्यांत तोही लागतो.

स्कॅनरवर पक्के कोड दोन: पी००३१ आणि पी००५७. पहिला म्हणजे बँक १ (बँक म्हणजे व्ही इंजिनातली सिलिंडरची एक रांग), सेन्सर १ च्या हीटरला करंट कमी. दुसरा म्हणजे बँक २, सेन्सर २ च्या हीटरची तीच तक्रार. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे इंजिनचे आकडे, लिहून घेतली. कोड पुसला की ती जाते, म्हणून आधी लिहायची, मग बाकीचं.

दोन्ही कोड हीटरचे आहेत हे महत्त्वाचं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही आणि थंडीत एक्झॉस्टच्या उष्णतेवर त्याला तिथवर पोचायला वेळ लागतो. तो वेळ वाचवायला आत हीटर असतो. हीटर गेला की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या बँकेला सेन्सरचं न ऐकता ठरावीक हिशोबाने पेट्रोल देत राहतं. जास्तीचं पेट्रोल आणि उग्र वास दोन्ही त्यातून.

५ ऑक्टोबर

बँक ठरवणं. इथे सर्वात जास्त सेन्सर फुकट बदलले जातात.

बँक १ म्हणजे ज्या बाजूला सिलिंडर नंबर १ आहे ती बाजू. ड्रायव्हरची बाजू नव्हे, डावी-उजवी तर नाहीच. या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे. १, ३, ५ सिलिंडर मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे). २, ४, ६ पुढे, रेडिएटरकडे. म्हणजे बँक १ मागची आणि बँक २ पुढची. बॉनेट उघडल्यावर समोर सहज हाताला लागणारा सेन्सर बँक २ चा असतो. कोड बँक १ चा आणि बदलला तो समोरचा, ही गोष्ट व्ही६ गाड्यांत वारंवार घडते, कारण मागचा काढायला वायपरसकट काउल (काचेखालचं आवरण) उतरवावं लागतं.

सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा, पुढे कॅट) आधीचा, सेन्सर २ म्हणजे त्याच्या नंतरचा. दोन्ही बँकांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच एकेक कॅट आहे, म्हणून सेन्सर १ मॅनिफोल्डवर वरच्या बाजूला आणि सेन्सर २ गाडीखालून दिसतो. एकूण चार.

भारतातल्या बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. तिथे एकच बँक असते, फक्त आधीचा की नंतरचा एवढंच बघायचं.

खात्रीचा सोपा मार्ग: इंजिन बंद, किल्ली काढलेली, संशय असलेल्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा. मग इंजिन चालू करून स्कॅनरवर कोणत्या सेन्सरचं रीडिंग मेलं ते पाहायचं. नवा कोड येईल, तो नंतर पुसता येतो. पुढचा वरचा कनेक्टर काढल्यावर बँक २ सेन्सर १ चं रीडिंग गेलं. नकाशा बरोबर.

आता प्रकार. कॅटच्या आधीचे दोन, म्हणजे दोन्ही सेन्सर १, हे साधे ऑक्सिजन सेन्सर नाहीत. ते एअर-फ्यूएल रेशो सेन्सर आहेत, पुढे ए/एफ म्हणतो. साधा सेन्सर पेट्रोल जास्त असलं की ०.८-०.९ व्होल्ट आणि कमी असलं की ०.१-०.२ व्होल्ट देतो, मधलं फारसं काही सांगत नाही. ए/एफ मात्र किती जास्त आणि किती कमी तेही सांगतो. टोयोटाच्या ए/एफला मिश्रण बरोबर असताना स्कॅनरवर ३.३ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. पेट्रोल कमी झालं की आकडा वर जातो, जास्त झालं की खाली येतो. म्हणजे साध्या सेन्सरच्या नेमकं उलट. जुन्या साध्या स्कॅनरवर हाच आकडा पाचाने भागून ०.६६ दिसतो. तो पाहून सेन्सर एका जागी अडकलाय असं ठरवून मोकळं होऊ नये. आणि ए/एफचा सिग्नल मल्टिमीटरने मोजण्यात अर्थ नाही. तो मुळात करंट आहे, व्होल्टेजचा आकडा ईसीएमने बनवलेला असतो.

६ ऑक्टोबर

हीटरची मोजणी, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरकडच्या कनेक्टरवर. या गाडीत असलेल्या डेन्सो सेन्सरला चार तारा: दोन काळ्या हीटरच्या, निळी आणि पांढरी सिग्नलच्या. दोन काळ्यांमध्ये ओहम मोजायचे. २० अंशाला ए/एफचा हीटर १.८ ते ३.४ ओहम आणि साध्या सेन्सरचा ११ ते १६ ओहम हवा.

बँक १ सेन्सर १: सर्किट उघडं, काहीच नाही.
बँक २ सेन्सर १: २.३ ओहम.
बँक १ सेन्सर २: १२.८ ओहम.
बँक २ सेन्सर २: १९ पासून ६० पर्यंत नाचतो, तार हलवली की आकडा हलतो.

दोन-तीन ओहम मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायचा. आमच्या मीटरवर तो ०.३ निघाला. १५ ओहमला त्याने काही बिघडत नाही, २ ओहमला बिघडतं. या आकड्यांचा दुसरा उपयोग असा की हातात आलेला सेन्सर ए/एफ आहे की साधा, हे डबा न बघता कळतं.

बँक १ सेन्सर १ चा हीटर तुटलाय हे इथेच ठरलं. तरी हार्नेसकडची, म्हणजे गाडीच्या तारांकडची बाजूही पाहिली: किल्ली ऑन, एका काळ्या तारेसमोरच्या पिनला बॅटरीइतका व्होल्टेज आहे. फ्यूज किंवा रिले गेला असता तर दोन्ही बँकांचे कोड एकदम आले असते, पी००३१ सोबत पी००५१. एकाच बँकेचा कोड असेल तर फ्यूज शोधत बसण्यात वेळ घालवू नये. फक्त तेवढ्या व्होल्टेजवरून हार्नेस निर्दोष मात्र ठरत नाही. हीटरची ग्राउंड बाजू ईसीएम चालू-बंद करतं, म्हणून कनेक्टरपासून ईसीएमपर्यंतची ती तारही तपासली. ठीक आहे.

बँक २ सेन्सर २ खालून पाहिला. आधी कधीतरी कोणीतरी इथे युनिव्हर्सल सेन्सर जोडलाय. जुन्या सेन्सरची तार कापून कनेक्टर ठेवलाय, नव्या सेन्सरच्या तारा क्रिम्पने जोडून वर इन्सुलेशन टेप. टेप उघडल्यावर आत तारांवर हिरवा गंज. क्रिम्पच्या सेन्सरकडच्या बाजूला हीटर मोजला तर १३ ओहम, अगदी निरोगी. बिघाड सेन्सरचा नाही, जोडाचा आहे.

या सेन्सरच्या तारांचे रंग वेगळे: दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. बॉश पद्धतीत पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, करडी सिग्नल ग्राउंड. डेन्सोत काळ्या हीटरच्या. रंगाला रंग जोडणारा इथे सरळ फसतो. या जोडणाऱ्याने निदान तेवढं नीट पाहिलं होतं.

जोड पुन्हा करता आला असता. केला नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. साध्या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती बऱ्याच सेन्सरमध्ये तारेच्या पेडांमधल्या पोकळीतून आत जाते. सोल्डर भरला किंवा जोड ग्रीसने बुजवला की ती वाट बंद होते आणि सेन्सर हळूहळू चुकीचं बोलायला लागतो. म्हणून कनेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ग्रीसही मारायचं नाही. खाऱ्या रस्त्यावर क्रिम्प टिकत नाही, सोल्डर चालत नाही. मूळ कनेक्टरसकट येणारा सेन्सरच बसवायचा.

८ ऑक्टोबर

लाइव्ह डेटात एक गोष्ट खटकली. बँक २ चा लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्या हिशोबापेक्षा किती पेट्रोल जास्त-कमी देतं तो आकडा, आयडलला +१७ टक्के, २५०० आरपीएमला +४. कोड नाही, पण सतरा म्हणजे खूप. चार सेन्सरपैकी दोन बदलायचेत म्हटल्यावर तिसऱ्यावर, पुढच्या ए/एफवर बोट ठेवण्याचा मोह होतो.

ठेवायचं नाही. सेन्सर स्वतः चुकीचं सांगत असता तर सगळ्या आरपीएमला जवळपास सारखा फरक दिसला असता. आयडलला जास्त आणि वेग वाढला की कमी, हे लक्षण कुठून तरी हवा शिरत असल्याचं. इनटेकमध्ये गळती असती तर दोन्ही बँकांवर पडली असती. बँक १ चा ट्रिम सध्या गोठलेला आहे, त्यामुळे तुलना अर्धीच, तरी इनटेकच्या नळ्यांत धूर सोडून पाहिला. कुठेही गळती नाही.

एक्झॉस्ट पाहिला. पुढच्या मॅनिफोल्डच्या एका टोकाला गॅस्केटशेजारी काजळीचा पट्टा, थंड इंजिनाला टिक-टिक आवाज, तापल्यावर बंद. गंजलेल्या स्टडवरचा नट सैल. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये क्षणभर दाब उतरतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती ऑक्सिजन म्हणून दिसते, ईसीएम पेट्रोल वाढवतं. सेन्सर खरं तेच सांगत होता.

नवं गॅस्केट, नवे नट आणि तो एक स्टड. ट्रिम आयडलला +३ वर आला. पुढचा ए/एफ जागेवरच राहील.

९ ऑक्टोबर

पार्ट मागवणं.

टोयोटाच्या पार्ट नंबरची पहिली पाच अंकं प्रकार सांगतात: ८९४६७ म्हणजे ए/एफ, ८९४६५ म्हणजे साधा ऑक्सिजन सेन्सर. पुढची पाच अंकं गाडी, जागा, केबलची लांबी आणि कनेक्टर ठरवतात. ती व्हीआयएनवरूनच (गाडीच्या ओळख क्रमांकावरूनच) काढायची, वर्ष आणि मॉडेल सांगून नाही. डेन्सोच्या बाजारातल्या क्रमांकात २३४-९ ने सुरू होणारे ए/एफ आणि २३४-४ ने सुरू होणारे चार तारांचे साधे सेन्सर. समोरचा विक्रेता सेन्सर १ म्हणून २३४-४ देत असेल तर तिथेच थांबवावं. आटे तेच, षटकोन तोच, त्यामुळे तो बसेलही. पण ईसीएम करंटची वाट पाहणार आणि सेन्सर व्होल्ट देणार.

उलट दिशेचा घोळ जुन्या गाड्यांत जास्त. १९९७ ते २००१ च्या चार सिलिंडर कॅमरीत कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या गाडीला कॅटआधी ए/एफ होता आणि फेडरल (बाकी अमेरिकेसाठीच्या) गाडीला साधा सेन्सर. दोन्ही दिसायला कॅमरीच. बॉनेटखालचं एमिशन लेबल वाचल्याशिवाय तिथे पार्ट मागवता येत नाही. कॅटलॉग जेव्हा कॅलिफोर्निया की फेडरल असं विचारतो तेव्हा उत्तर लेबलवर असतं, गाडी कुठे राहते यात नाही.

बँक १ आणि बँक २ चे ए/एफ आपसात बदलता येतील असं गृहीत धरू नये. केबल आखूड पडली तर ती ताणून मॅनिफोल्डला टेकते आणि वितळते, लांब पडली तर लोंबून तेच होतं.

मागवलं: बँक १ सेन्सर १ साठी ए/एफ, बँक २ सेन्सर २ साठी साधा, दोन्ही डेन्सो, मूळ कनेक्टरसकट. फार स्वस्त मिळणारे सेन्सर टाळले. नकली मालात हीटर चालतो, म्हणून कोड काही दिवस जातो, पण सिग्नल सुस्त असतो.

जोडीने बदलावेत का? हीटर तुटणं हा एकट्याचा बिघाड, जोडीदाराला शिक्षा नको. प्रतिसाद मंद झाल्याचा कोड आला असता आणि दोन्ही सेन्सर मूळचेच असते तर दोन्ही बदलले असते.

१४ ऑक्टोबर

पार्ट आले. नव्या ए/एफचा हीटर टेबलावरच मोजला, २.४. साध्याचा १३.१. केबल आणि कनेक्टरचे खाचे डोळ्यांनी ताडून पाहिले, बरोबर. संध्याकाळी दोन्ही जुन्या सेन्सरच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल, रात्रभर मुरू दिलं.

१५ ऑक्टोबर

बँक १ सेन्सर १.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला. वायपर काचेवर कुठे थांबतात ती जागा मास्किंग टेपने खुणावली, नाहीतर बसवताना ते पुसताना खांबाला आपटतात. वायपरचे हात, प्लास्टिकचं काउल, वायपरची मोटर लिंकेजसकट, मग त्याखालचा पत्रा. एवढं निघालं की इंजिन आणि फायरवॉलमधल्या फटीत हात जातो. हात गेला म्हणून काउल न काढताच काम उरकणारे आहेत, पण तिरक्या सॉकेटने षटकोन गोल झाला की पुढचं काम तिप्पट होतं.

इंजिन आधी थोडा वेळ चालवून घेतलं होतं. कोमट मॅनिफोल्डमधून सेन्सर सुटतो, लालभडक किंवा अगदी गार मॅनिफोल्डमधून आटे ओरबाडत येतो. कोमट म्हणजे जाड हातमोजा घालून टेकता येईल इतपत.

कनेक्टर सोडवला, केबलची क्लिप काढली. सेन्सर मेलेलाच आहे, मग तार कापून टाकली आणि चिरेच्या सेन्सर सॉकेटऐवजी सहा कोनांचं २२ मिलिमीटरचं खोल सॉकेट वापरलं. चिरेचं सॉकेट जोर लावला की फाकतं. ते नवा सेन्सर बसवायला ठेवायचं. लांब एक्स्टेंशन, लांब दांडा, एका दमात झटका न देता सलग जोर. कर्र आवाज झाला आणि पाव फेरा सुटला. इथे पुढे रेटायचं नाही. पुन्हा ऑइल, थोडं मागे, थोडं पुढे, असं करत बाहेर. आट्यांवर धातूची पूड नाही.

आटे एम१८×१.५. चेसर (आटे साफ करायचं हत्यार) हाताने फिरवला, खाचांत ग्रीस भरून, म्हणजे किटण त्याला चिकटून बाहेर येतं. टॅप वापरू नये, तो धातू कापतो आणि तो कीस थेट कॅटमध्ये जातो.

नव्या डेन्सोच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावूनच येतं. वेगळं लावायचं असेल तर सेन्सरसाठीचंच, आणि फक्त आट्यांवर. टोकाच्या भोकांना बोट लागलं तरी नको. त्या परिसरात साधं सिलिकॉन सीलंट वापरलं असेल तर त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर काचेसारखा थर धरते, हेही नव्या सेन्सरच्या लवकर मरण्याचं एक कारण.

हाताने सगळे आटे बसेपर्यंत फिरवला, मग चिरेच्या सॉकेटने ४४ न्यूटन-मीटर. कनेक्टर शेवटी जोडला. आधी जोडला तर फिरवताना केबलला पीळ बसतो आणि तारा आतून तुटतात. केबल मूळ क्लिपमध्ये, मॅनिफोल्डपासून लांब.

काउल परत. खालची पाणी जायची भोकं पानांनी बुजलेली होती, साफ केली.

१६ ऑक्टोबर

बँक २ सेन्सर २. गाडी स्टँडवर, पुढची चाकं उचललेली, मागच्या चाकांना अडण्या. जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये, हे इथे लिहावं लागू नये पण लिहितो.

मीठ इथेच दिसतं. षटकोनाच्या कडा गंजून पापुद्रे आलेले, २२ चं सॉकेट हातोडीने ठोकून बसवावं लागलं. रात्रभराच्या ऑइलने काही झालं नाही. इंडक्शन हीटरने सेन्सर नव्हे तर भोवतीचा बंग (सेन्सर ज्यात फिरवून बसतो ती जाड कडी) तापवला, कारण बाहेरची बाजू फुगली पाहिजे. आधी आजूबाजूचं ऑइल पुसून काढलं, अग्निशामक हाताशी ठेवला. बंग मंद लाल झाल्यावर सेन्सर सुटला, पण आट्यांचे दोन फेरे घेऊन आला. चेसरने उरलेले नीट झाले आणि नवा सेन्सर हाताने शेवटपर्यंत गेला, म्हणून तिथेच थांबलो. हाताने गेला नसता तर एम१८ ची इन्सर्ट बसवावी लागली असती.

टॉर्क तोच. केबल मूळ वाटेने, आता कुठेही जोड नाही.

१७ ऑक्टोबर

कोड पुसले, थंड इंजिनाने तपासणी. बँक १ चा ए/एफ लगेच जागा झाला, क्लोज्ड लूप, म्हणजे ईसीएम सेन्सरचं ऐकून पेट्रोल देतंय, दोन्ही बँकांना. आयडलला दोन्ही ए/एफ ३.२८ ते ३.३१. टेकस्ट्रीमच्या (टोयोटाचं स्वतःचं स्कॅन सॉफ्टवेअर) ॲक्टिव्ह टेस्टमध्ये इंजेक्शन २५ टक्के वाढवलं की दोन्ही ३.० च्या खाली, १२.५ टक्के घटवलं की ३.३५ च्या वर. दोन्ही बँका बरोबरीने उत्तर देतात, मागची नवी म्हणून थोडी चपळ. टेकस्ट्रीम नसेल तर चालत्या गाडीत वेगावरून पाय काढून पाहावं: पेट्रोल तुटलं की ए/एफचा आकडा एकदम वर उडी मारतो.

बँक २ सेन्सर २ गरम झाल्यावर ०.६ ते ०.७ व्होल्टला शांत. कॅटनंतरचा सेन्सर शांतच असायला हवा. तो कॅटआधीच्या सेन्सरसारखा वरखाली करू लागला तर कॅटची चौकशी करायची.

२१ ऑक्टोबर

इन्स्पेक्शनआधी रेडिनेस, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या (मॉनिटर) पूर्ण झाल्या का ते पाहणं. ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि कॅटॅलिस्ट हे तिन्ही मॉनिटर पूर्ण: थंड सुरुवात, थोडं आयडल, मग हायवेवर स्थिर वेग आणि अधूनमधून पाय काढून गाडी मोकळी सोडणं. ईव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा मॉनिटर) अजून बाकी. टोयोटात तो किल्ली काढल्यानंतर सुमारे पाच तासांनी गाडी उभी असताना चालतो, त्यामुळे दिवसभर ये-जा करणाऱ्या गाडीत रेंगाळतो. २००१ आणि नंतरच्या गाड्यांना एक मॉनिटर अपूर्ण असला तरी तपासणीत चालतो. बॅटरी पुन्हा काढायची नाही, कोड पुन्हा पुसायचे नाहीत.

ट्रिम: बँक १ आयडलला +१, बँक २ ला +३. मॅनिफोल्डचे नट दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर पुन्हा पाहिले, एक पाव फेरा घेतला. बँक १ सेन्सर २ मूळचाच आहे आणि तोही त्याच मिठात बसलाय. त्याच्या बंगला पुढच्या ऑइल चेंजला पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायचं.